साखळी खिळ्यालाच आहे, संपत

संपत, काल विहारात तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे तुझ्याबद्दल बोलले आणि एकानंही खरं सांगितलं नाही. एकजण म्हणाला, संपतराव फार शांत स्वभावाचे होते. तू? डाळीत खडा लागला म्हणून ढाब्याच्या आचाऱ्याला बाहेर बोलावून तीच डाळ त्याला खायला लावणारा माणूस शांत? दुसरा म्हणाला, आयुष्यभर कष्ट केले, मुलाला शिकवलं, कुणाचं वाईट चिंतलं नाही. हे तर कुणाच्याही फोटोपुढे बोलता येतं. अख्खी हयात तू ट्रकच्या केबिनमध्ये कुत्र्याबरोबर काढलीस आणि भाषणांमध्ये कुत्र्याचा उल्लेख नाही. राजू तिथंच विहाराच्या पायरीखाली बसला होता, लोक त्याला ओलांडून आत येत होते.

मग तुझा मिलिंद म्हणाला, "नामदेवकाका, तुम्ही दोन शब्द बोला." मी उठलो, माईक हातात घेतला. तोंड उघडलं असतं तर शिव्याच बाहेर आल्या असत्या, आणि समोर भंतेजी बसलेले. म्हणून जय भीम म्हटलं आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. गहिवरलो नव्हतो, चिडलो होतो. ते राहिलेले दोन शब्द आता लिहून सांगतो. दोनच नाहीत, पण ऐकून घ्यावे लागतील. तुला उलट बोलता येत नाही अशी वेळ आपल्यात पहिल्यांदाच आली आहे.

नाशिकच्या द्वारका चौकात त्या बंद पडलेल्या टायरच्या दुकानापुढचा आपला बाक. तू डावीकडे, हमीदभाई मधे, मी उजवीकडे. बाकीचे म्हातारे शुगर, गुडघे आणि सुना यांच्यावर बोलतात. आपण तिघं ट्रक चालवणं सुटल्यापासून फक्त कुत्र्यांवर बोललो. त्याच त्या गोष्टी, आणि दर वेळी थोड्या वाढवून. हमीदभाईची रानी इंदूरच्या वाटेवर कांद्याच्या गाडीत व्याली, ती गोष्ट आठव. त्यानं अंगावरची लुंगी काढून पिल्लांवर घातली आणि टॉवेलवर पुढची गाडी हाणली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा पिल्लं चार होती. यंदाच्या उन्हाळ्यात ती सात झाली होती. तू म्हणालास, "हमीदभाई, अजून दोन वर्षं जगलो तर तुझी रानी डझनभर घालेल." तो चिडून म्हणाला, "तू था क्या उधर?" त्याच्या घरात कुत्रं चालत नव्हतं. अम्मी उंबरठ्यावर उभी करायची नाही. त्यानं मग रानीला जन्मभर गाडीतच ठेवलं आणि वर आम्हालाच सांगायचा, "घर मेरा अम्मी का, गाडी रानी की. मैं तो बीच में किरायेदार हूँ."

आणि तुझे राजू. पहिला काळा, दुसरा रानीचंच पिल्लू, मग ते लंगडं, मग आताचा हा तांबडा. सगळ्यांचं नाव राजू. नाक्यावर साहेबानं विचारलं, गाडीत अजून कोण आहे, की तू सरळ सांगायचास, "राजू आहे साहेब, झोपलाय." क्लीनरच्या जागेवर, डाव्या दाराशी, डोकं बाहेर काढून राजू. खरा क्लीनर तू कधी ठेवलाच नाहीस. ठेवला तर राजू कुठं बसणार, म्हणायचास, आणि ताडपत्री स्वतः ओढायचास. शेठ लोक तुला येडा म्हणायचे. तू त्यांना काय म्हणायचास ते इथं लिहीत नाही, नातवंडं वाचतील.

एका गोष्टीवरून मात्र मी तुझ्यावर जळायचो. आपल्या धंद्यात तोंडाचं बोलणं इंजिनपुढे ऐकू येत नाही, पत्र्याचं ऐकू येतं. गाडी सोडायची झाली की क्लीनर पत्र्यावर दोनदा हात मारतो, चल. थांबवायची झाली की एकदा, बस. तू ढाब्यावरून निघताना दारावर बाहेरून दोनदा हात मारायचास आणि राजू कुठंही असो, उष्ट्यात तोंड घालून बसलेला असो, येऊन डाव्या बाजूनं आत उडी मारायचा. आणि मी मागच्या गाडीजवळ उभा राहून मोती, मोती ओरडायचो. घसा सुकायचा तेव्हा तो मजेत हलत डुलत यायचा. तुला कितीदा विचारलं, लेका, हे शिकवलंस कसं? तू म्हणायचास, "शिकवलं नाय, त्याला उपजतच कळतं," आणि चहा सांगायचास. मला वाटायचं, भाव खातोय.

मोतीचं तुला सांगायला नको, तू होतास. पण तू ऐकतोयस म्हणून नाही, मला सांगायचंय म्हणून सांगतो. कसारा घाट, दोघांच्या गाड्या पुढं-मागं थांबलेल्या. माझ्या गाडीचं पाणी उकळलं होतं. मी डबा घेऊन रस्ता ओलांडून पलीकडच्या नळावर गेलो. मोती गाडीखाली झोपला होता. मी नळावरून मागं वळलो तर तो उठून मलाच शोधत होता, आणि वरून एक ट्रक उतरत होता. मी जीव खाऊन ओरडलो, "मोती, मोती, थांब." तो आला. ट्रकवाल्याचा काही दोष नव्हता. तू माझ्या हातातला डबा काढून घेतलास, मोतीला ताडपत्रीच्या तुकड्यात गुंडाळलंस, आणि करंजाच्या झाडाखाली टायर काढायच्या लोखंडी टॉमीनं खड्डा खणलास. नाशिकपर्यंत तू माझ्या पुढं राहिलास, आणि मी मागं पडलो की वेग कमी करायचास.

नाशिकला आल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली तर साखळी आणली. त्यानंतरची माझी दोन्ही कुत्री साखळीत राहिली. केबिनमध्ये साखळी, ढाब्यावर साखळी, घरी साखळी. दोन्ही म्हातारी होऊन माझ्या दारात मेली. हा माझा पुरावा होता आणि मी तो तुझ्या तोंडावर कितीदा फेकला असेन. कुत्र्यावर जीव असेल तर बांध. तू म्हणायचास, "म्हातारी झाली हे खरं, पण जगली कधी, नामा?" मग मी चिडायचो, हमीदभाई दोघांनाही गप्प करायचा आणि तू चहा सांगायचास. वाद तिथंच थांबायचा. दर वेळी मीच शेवटचं बोललेलो असायचो. मला वाटायचं, मी जिंकतोय.

आपल्या शेवटच्या भेटीतही तेच झालं. तू मिलिंदच्या घरून, गंगापूर रोडवरून रिक्षानं आलास, राजू रिक्षात तुझ्या पायाशी. मिलिंदच्या सोसायटीत कुत्रं लिफ्टमधून न्यायचं नाही, घरात धाकट्या नातीला दमा. मग तू राजूला पार्किंगमध्ये ठेवलंस आणि दोन्ही वेळचं ताट घेऊन स्वतः खाली यायला लागलास. सेक्रेटरी म्हणाला, काका, पार्किंगमध्ये जेवणं शोभत नाही. तू म्हणालास, "मग त्याला वर येऊ द्या, मी टेबलावर बसतो." ही गोष्ट सांगून तू हसत होतास. आणि मी, कुठून अवदसा आठवली कोण जाणे, म्हणालो, "त्यापेक्षा बांध त्याला आणि वर जाऊन चार घास सुखानं खा. या वयात हा हट्ट कशाला?" तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस. काहीतरी बोलणार होतास. "चहा घेतोस का?" विचारलंस. मी चहा न घेता उठून गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू पार्किंगमध्येच जीव सोडलास, ताट मांडीवर, राजू शेजारी. फोन आला तेव्हा मी आमच्या हिला, कमलला म्हटलं, खोटं आहे, तो मला चिडवायला करतोय. इतकी वर्षं भांडलो आणि तू निघालास तो माझा चहा बाकी ठेवून. हे मी विसरणार नाही.

तुला न्यायला शववाहिनी आली तेव्हाचं तुला कुणी सांगितलं नसेल. तुला आत ठेवलं. हमीदभाईनं मागचं दार लावलं आणि सवयीनं पत्र्यावर दोनदा हात मारला. जन्मभराची सवय, हात थांबतो होय? पुढचं डावं दार मिलिंदसाठी उघडं होतं. पार्किंगमधून राजू आला आणि उडी मारून आपल्या जागेवर बसला. मग काय विचारतोस. ड्रायव्हर ओरडला, सेक्रेटरी धावला, तुझे कोणीतरी लांबचे मेहुणे म्हणाले, मयताच्या गाडीत कुत्रं, लोक काय म्हणतील. ड्रायव्हरनं राजूला ओढायला हात घातला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "त्याला खाली उतरवायचं नाय. हमीदभाईनं गाडी सोडली, तो बसला. त्याचं काय चुकलं?" मेहुणे म्हणाले, "अहो, काही रीतभात?" म्हटलं, "हीच रीत आहे. तुम्हाला माहीत नसेल तर आज बघून घ्या." हमीदभाई आपल्या हाताकडे बघत रडत होता. शेवटी मिलिंद म्हणाला, "बसू द्या त्याला," आणि स्वतः मागं तुझ्यापाशी जाऊन बसला. तुझ्या पोराबद्दल मला जे काही बरंवाईट वाटायचं ते त्या दिवशी मी पुसून टाकलं. गंगापूर रोडवरून राजू डोकं बाहेर काढून निघाला. सिग्नलला लोक बघत होते. बघू देत म्हटलं.

म्हणून कालची गोष्ट मला जास्त लागली. भाषणं झाली, खीर झाली, आणि मिलिंद मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, राजूची सोय केलीय. दिंडोरीला माझ्या मित्राची द्राक्षबाग आहे. ते पिकअप घेऊन आलेत. चांगली माणसं आहेत."

मी विचारलं, "बांधणार का?"

"दिवसा बांधतील. बागेत छाटणीला, फवारणीला बायामाणसं असतात ना. रात्री सोडतील."

त्यात वावगं काय होतं? काही नाही. मी जन्मभर हेच सांगत आलो. पण माझं डोकं असं फिरलं की काय सांगू. हमीदभाई मला आवरत म्हणाला, "अरे नामा, तू ही तो बोलता था, बांधो." मी म्हटलं, "मी बोलायचो ते संपतला. दिंडोरीवाल्याला कधी बोललो?"

बाहेर तो दिंडोरीचा माणूस राजूच्या गळ्यात साखळी अडकवून ओढत होता. गरीब होता बिचारा, गोडीगुलाबीनंच ओढत होता, बिस्किट दाखवत होता. राजूच्या गळ्याला आजवर काही लागलं नव्हतं. तो मागच्या पायांवर बसून उलटा ताणत होता आणि खोकत होता. मी माझ्या पोराच्या टेम्पोपाशी गेलो, डावं दार उघडलं आणि पत्र्यावर दोनदा हात मारला. त्या माणसाच्या हातातून साखळी निसटली. राजू साखळीसकट आत येऊन बसला. मी ती सोडवली, त्या माणसाला परत दिली आणि म्हटलं, "दादा, माफ करा, या गाडीचा क्लीनर आहे तो."  मिलिंदनं राजूच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दार लावून घेतलं.

घरी कमलनं आधी नाक मुरडलं, मग भाकरी कुस्करली. म्हणाली, "आता याला बांधा. रस्ता दारात आहे." माझी साखळी दाराच्या मागे खिळ्याला तशीच आहे, तुला माहीत आहे. काढली. राजू बघत होता. म्हटलं, आज राहू दे, सकाळी बांधू. हे मी तुझ्यासाठी केलं नाही. त्याचा गळा सोलवटला होता.

आज सकाळी साखळी हातात घेऊन आणि राजूला मोकळा घेऊन बाकावर गेलो. तो वाटेत उसाच्या रसाच्या गाड्यापाशी वास घेत रेंगाळला. मी रस्ता ओलांडून दुकानापाशी पोचलो, वळलो, तर तो पलीकडच्या कडेला उभा, मला शोधत. त्याला मी दिसलो आणि तो निघाला. आणि उड्डाणपुलाखालून एक ट्रक येत होता. संपत, पुन्हा तोच घाट. पण या वेळी मला कुत्रं दिसलंच नाही, मला ट्रक दिसला. आणि ट्रक अंगावर आला की माझा हात काय करतो ते तुला माहीत आहे. मी दुकानाच्या शटरवर एकदा हात मारला, बस. ट्रकवाल्याला मारला. मोठ्या रस्त्यावरच्या ट्रकला शटर वाजवून कोण थांबवतं? पण हात गेला.

ट्रक कुठला थांबतोय. राजू थांबला. रस्त्याच्या कडेला होता तिथं खाली बसला, ट्रक त्याच्या नाकासमोरून गेला, आणि तो माझ्याकडे बघत बसून राहिला. मी दोनदा हात मारला तेव्हा उठून आला.

हमीदभाई बाकावर होता. मी म्हटलं, "याला एकाचं पण कळतं?"

तो खाली बघायला लागला.

"बोल ना, हमीदभाई."

"सबको पता है, नामा. उसके सब राजू एक पे रुकते थे. काला था, तब से." मग पुढे म्हणाला, "संपत ने बोल के रखा था. नामा के सामने एक नहीं मारने का. उसको मोती याद आयेगा."

मी बाकावर तुझ्या जागेवर बसलो. रस्ता मधे असताना कुत्र्याला नावानं हाक मारली की ते येणारच. येण्यासाठीच तर नाव असतं. मी घाटात त्याला थांब म्हणत होतो आणि त्याला ऐकू येत होतं ते फक्त मोती, मोती. तू गाड्यांपाशी उभा राहून ते पाहिलंस. साखळी नव्हती म्हणून मोती गेला, असं मी तुला इतकी वर्षं सांगत राहिलो, आणि माझं तोंड बंद करायला एक वाक्य तुझ्याकडे पहिल्या दिवसापासून होतं. प्रत्येक भांडणात होतं. शेवटच्या भेटीतही ते ओठांवर आलं होतं, मला आता कळतंय. आणि तू काय केलंस, तर चहा सांगितलास. माझ्यासमोर आपल्या कुत्र्यालासुद्धा कधी थांबवलं नाहीस.

मला याचा राग आलाय, संपत. मला असं न विचारता सांभाळायला तुला सांगितलं होतं कुणी? मी काय काचेचा होतो? बोलायचं होतंस, आपण हातघाईवर आलो असतो, मी तुझं तोंड बघितलं नसतं. हो, बघितलंच नसतं, जन्मभर. ते तुला माहीत होतं, म्हणून तू वाद हरत राहिलास आणि रोज बाकावर येत राहिलास. माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं नाही, सख्ख्या भावानं नाही. आणि मला ते कळलं कधी, तर तुला एक घोट चहा पाजायची सोय उरली नाही तेव्हा.

पण म्हणून मी हरलो असं समजू नकोस. राजूला मी बांधणार नाही. दिंडोरीला पाठवणार नाही, सोसायटीवाले, मेहुणे, कमल, कुणीही काही म्हणो. हमीदभाईकडून एकाचा इशारा कसा शिकवायचा तेही शिकून घेतोय, गल्लीतल्या दोन पिल्लांना शिकवायचंय. पण साखळी मी घरी आणून परत खिळ्याला लावली आहे आणि ती तिथंच राहील. वाद माझ्याकडून मिटलेला नाही. हरलो म्हणायला समोर माणूस लागतो, आणि माझ्यासमोर बसून ते ऐकण्याआधीच तू उठून गेलास.

उद्या सकाळी आम्ही बाकावर येतोय. हमीदभाई मधे, मी उजवीकडे. चहा मी सांगेन. डावी बाजू राजूची आहे.